डिझेल पिकअपमध्ये चार्जिंगचे व्होल्टेज पुन्हा पुन्हा का ढासळते?

बॅटरी बदलली, काही आठवडे गाडी नीट सुरू झाली आणि मग सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) पुन्हा जड फिरू लागला. त्यानंतर अल्टरनेटर (इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारे जनित्र) बदलला, थोडे दिवस बरे गेले आणि चार्जिंगचा दिवा पुन्हा लुकलुकू लागला. डिझेल पिकअपच्या चार्जिंगची तक्रार बहुतेक वेळा अशी फिरून फिरून येते, आणि त्यामागचे कारणही बहुधा एकच असते: वस्तू बदलल्या जातात, पण अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत जाणारी आणि तेथून अर्थिंगमार्गे (निगेटिव्ह केबल, चॅसी आणि इंजिनाच्या धातूतून) परत येणारी वाट कोणी मोजत नाही. बॅटरीवर मीटर लावून १३.२ व्होल्ट वाचले, एवढ्यावर कोणताही निर्णय घेऊ नये. तो आकडा इंजिनाच्या कोणत्या वेगाला, किती लोड (दिवे, ब्लोअर अशी वीज खाणारी साधने) चालू असताना आणि नेमक्या कोणत्या दोन बिंदूंमध्ये मिळाला, हे कळले तरच त्याला अर्थ येतो.

डिझेल इंजिनात कॉम्प्रेशन जास्त असल्यामुळे ते फिरवायला सेल्फला मोठा करंट लागतो. त्यात थंड इंजिनाला हीटर प्लग (सिलिंडर तापवणारे प्लग) किंवा इनटेकमधील, म्हणजे हवा आत येण्याच्या मार्गातील, हीटरचा भार पडतो, म्हणून मोठ्या पिकअपमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या समांतर जोडलेल्या असतात. व्होल्टेज तेवढेच राहते, क्षमता वाढते. पण जोड, केबल आणि अर्थिंगच्या जागाही वाढतात. इंजिनाची धडधड, चिखल आणि पाणी यांमुळे याच जागा हळूहळू सैल होतात किंवा गंजतात.

काम सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टी पाळाव्यात. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि तो ठिणगीने पेटतो, म्हणून अंगठी, कडे, धातूचा घड्याळाचा पट्टा काढून ठेवावा आणि डोळ्यांवर चष्मा लावावा. दुसरी गोष्ट अशी की, दोन बॅटऱ्यांच्या गाडीत एकाच बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडून वीज बंद होत नाही. दोन्ही निगेटिव्ह सोडाव्या लागतात. इंजिन चालू असताना बॅटरी काढून ‘डायनॅमो चालतो का’ हे पाहण्याची जुनी पद्धत आजच्या गाडीत पूर्णपणे टाळावी. बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरचे व्होल्टेज क्षणभर खूप वर उसळते आणि त्यात ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) किंवा अल्टरनेटरचे डायोड (एसीचा डीसी करणारे भाग) कायमचे जाऊ शकतात.

आधी बॅटरी, तीही एकेक करून

चार्जिंगच्या कोणत्याही तपासणीची सुरुवात बॅटरीपासून करावी, कारण खराब बॅटरी चांगल्या अल्टरनेटरलाही दोषी ठरवते. गाडी काही तास उभी राहिल्यानंतर, किंवा हेडलाइट दोनेक मिनिटे लावून ते बंद केल्यावर थोडे थांबून व्होल्टेज मोजावे; नाहीतर नुकत्याच झालेल्या चार्जिंगचा वरवरचा आकडा दिसतो. पूर्ण भरलेली साधी लेड-ॲसिड बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.४ म्हणजे जवळपास तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२.० च्या आसपास म्हणजे जेमतेम पाव भरलेली.

दोन बॅटऱ्या जोडलेल्या असताना मोजलेला आकडा दोघींचा मिळून असतो, त्यामुळे त्या सुट्या करून मोजणे अत्यावश्यक आहे. सुट्या करून काही तास ठेवल्यावर एक १२.६ वर टिकली आणि दुसरी ११.९ वर घसरली, तर दुसरी पहिलीला रोज रिकामी करत आहे. अशा वेळी केवळ वाईट बॅटरी बदलून जुनी तशीच ठेवण्याचा मोह होतो. माझ्या मते तो टाळावा आणि दोन्ही एकाच क्षमतेच्या, एकाच प्रकारच्या आणि एकाच वेळी घेतलेल्या असाव्यात. वयातला फरक वाढला की चार्जिंगमधला फरकही वाढतो आणि काही महिन्यांतच नवी बॅटरी जुनीच्या रांगेत येऊन बसते.

झाकणे उघडता येणारी बॅटरी असेल तर आतल्या ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर अजूनही उत्तम साधन आहे. भरलेल्या बॅटरीत विशिष्ट गुरुत्व साधारण १.२६५ ते १.२८० येते. सगळे सेल सारखेच खाली असतील तर बॅटरी फक्त उतरलेली आहे. पण एकाच सेलमध्ये इतरांपेक्षा ०.०५ किंवा त्याहून जास्त फरक असेल तर तो सेल गेला आहे, आणि कितीही चार्ज केले तरी ती बॅटरी साथ देणार नाही. लोड टेस्ट करता आली तर नेहमीचा निकष असा आहे की, कोल्ड क्रँकिंग करंटच्या (थंडीत इंजिन फिरवण्यासाठी बॅटरी देऊ शकते तो, बॅटरीवर छापलेला करंट) निम्मा करंट १५ सेकंद काढल्यावर, खोलीच्या तापमानाला, व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये.

येथे एक इशारा महत्त्वाचा आहे, कारण ‘नवा अल्टरनेटरही जळाला’ या तक्रारीचे मूळ अनेकदा येथे असते. पार उतरलेल्या दोन बॅटऱ्या गाडीत ठेवून, जंप देऊन गाडी सुरू केली आणि तशीच पळवली, तर अल्टरनेटर बराच वेळ जवळपास पूर्ण क्षमतेने चालत राहतो आणि आतून तापतो. तो मुख्यतः बॅटरी भरलेली राखण्यासाठी बनवलेला असतो. नवा अल्टरनेटर बसवण्याआधी दोन्ही बॅटऱ्या बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून घ्याव्यात; एक रात्र लागली तरी चालेल.

इंजिन चालू असताना काय दिसायला हवे

बॅटऱ्या ठीक आहेत असे ठरल्यावर इंजिन सुरू करावे. गरम इंजिन, सुमारे १५०० ते २००० आरपीएम आणि लोड कमी, अशा स्थितीत बहुतेक गाड्यांत बॅटरीवर १३.८ ते १४.७ व्होल्ट मिळतात. मग हेडलाइट, ब्लोअर पूर्ण वेगावर, मागच्या काचेचा हीटर असेल तर तोही लावावा. व्होल्टेज थोडे उतरेल, पण १३.५ च्या आसपास किंवा वर टिकले पाहिजे. आयडलला हा सगळा लोड असताना ते १३ च्या खाली गेले तर लगेच घाबरू नये. आयडलला अल्टरनेटर आपल्या क्षमतेचा काही भागच देऊ शकतो. वेग वाढवल्यावर ते वर आले नाही, तर मात्र दोष आहे.

डिझेलमध्ये फसवणारी एक गोष्ट म्हणजे हीटर. थंड इंजिन सुरू झाल्यावरही काही मिनिटे हीटर प्लग किंवा इनटेक हीटर ठरावीक अंतराने चालू-बंद होत राहतो. इनटेक हीटर १०० अँपियर किंवा त्याहूनही जास्त करंट ओढू शकतो, त्यामुळे डॅशबोर्डवरचा काटा तालात खाली-वर होतो आणि हेडलाइट मंद-प्रखर होतात. हे त्या काळापुरते स्वाभाविक आहे. मात्र इंजिन चांगले तापल्यावरही हा खेळ चालू राहिला, किंवा काटा कायमचाच खाली बसला, तर हीटरचा रिले चिकटला आहे का ते तपासावे. हीटरच्या केबलभोवती क्लॅम्प मीटर (केबल न सोडता करंट मोजणारा) लावला की संशय एका क्षणात फिटतो: गरम इंजिनावर तेथे शून्य यायला हवे. चिकटलेला रिले अल्टरनेटरची बरीचशी ताकद खाऊन टाकतो आणि बाहेरून मात्र सगळे खापर अल्टरनेटरवर फुटते.

दुसरी फसगत नव्या गाड्यांत होते. अल्टरनेटर किती व्होल्टेज देणार हे अनेक गाड्यांत ईसीयू ठरवतो. बॅटरी भरलेली असली आणि लोड नसला तर इंधन वाचवण्यासाठी तो व्होल्टेज मुद्दाम १३ च्या आसपास किंवा खालीही आणतो आणि गाडी उतारावर असताना वाढवतो. अशा गाडीत एका वाचनावरून अल्टरनेटर काढू नये. हेडलाइट लावल्यावर व्होल्टेज वर येते का पाहावे, आणि स्कॅनर लावून ईसीयूने मागितलेले व्होल्टेज व प्रत्यक्ष मिळणारे व्होल्टेज शेजारी शेजारी वाचावे. मागणीच कमी असेल तर अल्टरनेटर निर्दोष आहे आणि शोध बॅटरी सेन्सरकडे, तापमानाच्या सेन्सरकडे किंवा वायरिंगकडे वळवायला हवा.

वाटेत हरवणारे व्होल्टेज

पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या दोषाचा माग लावणारी सर्वांत उपयोगी चाचणी म्हणजे व्होल्टेज ड्रॉपची (वाटेत किती व्होल्टेज हरवते ते मोजण्याची), आणि तीच सर्वांत जास्त टाळली जाते. तिच्यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन २००० आरपीएमच्या आसपास ठेवून हेडलाइट आणि ब्लोअर लावावेत. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक प्रोब अल्टरनेटरच्या मागील जाड बी-पॉझिटिव्ह स्टडवर (जेथून वीज बाहेर पडते त्या बोल्टवर) आणि दुसरा बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर टेकवावा. क्लॅम्पवर टेकवू नये, खुद्द शिशाच्या खांबावर टेकवावा. येथे ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक नसावा. मग एक प्रोब अल्टरनेटरच्या उघड्या धातूवर आणि दुसरा निगेटिव्ह खांबावर ठेवावा. या बाजूला ०.२ पर्यंत ठीक, त्याहून जास्त असेल तर अर्थिंग बघावे. दोन बॅटऱ्या असतील तर दोघींवर दोन्ही चाचण्या कराव्यात, कारण लांबच्या बॅटरीची वाट वेगळी आणि लांब असते.

लोड का हवा, हे गणितावरून लगेच लक्षात येते. एखाद्या गंजलेल्या जोडात फक्त ०.०१ ओहम रोध असेल आणि त्यातून ५ अँपियर जात असतील, तर ०.०५ व्होल्टच हरवतात व काहीच दिसत नाही. त्याच जोडातून ८० अँपियर गेले की ०.८ व्होल्ट हरवतात आणि बॅटरी उपाशी राहते. हा रोध ओहमच्या रेंजवर मोजण्यात अर्थ नाही. साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध त्यापेक्षा अनेक पटींनी मोठा असतो, आणि आतल्या बहुतेक तारा तुटून दोन-तीनच उरलेली केबलही तेथे ‘चांगली’ दिसते.

माझ्यासमोर आलेल्या दोन बॅटऱ्यांच्या एका पिकअपमध्ये अल्टरनेटर आणि दोन्ही बॅटऱ्या आधीच नव्या घातलेल्या होत्या, तरी सेल्फ जडच. लोड लावल्यावर अल्टरनेटरच्या स्टडपासून त्याच्याच बॉडीपर्यंत १४.४ व्होल्ट मिळत होते, पण बॅटरीवर फक्त १३.३. पॉझिटिव्ह बाजूचा ड्रॉप ०.१५ निघाला, म्हणजे ती बाजू स्वच्छ होती. निगेटिव्ह बाजूला मात्र ०.९५ व्होल्ट. तिन्ही आकड्यांची बेरीज बरोबर १४.४ येते, आणि अशी बेरीज जुळली की आपण वाट पूर्ण मोजली याची खात्री पटते. मग निगेटिव्ह बाजूचा प्रोब एकेक जोड पुढे सरकवला. खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते केबलचे थिंबल (टोकाची धातूची कडी), चॅसी: सगळीकडे नगण्य. चॅसी ते इंजिन ब्लॉक या एका टप्प्यात जवळपास सगळा ०.९५ सापडला. विणलेल्या अर्थिंग पट्टीचा बोल्ट बाहेरून घट्ट होता. काढल्यावर थिंबलखाली रंगाचा थर आणि तपकिरी भुकटी निघाली. धातू चकचकीत होईपर्यंत घासून, दातेरी वॉशर घालून आणि वरून ग्रीस लावून पट्टी पुन्हा बसवल्यावर बॅटरीवरचे व्होल्टेज १४.१ झाले.

याच ठिकाणी आणखी एक बारकावा लक्षात ठेवावा. काही अल्टरनेटरना बॅटरीवरचे व्होल्टेज वाचणारी वेगळी सेन्स वायर असते. तेथे वाटेतला तोटा भरून काढण्यासाठी रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक राखणारा भाग) अल्टरनेटरचे व्होल्टेज वाढवतो, त्यामुळे बॅटरीवर १४.२ दिसते आणि अल्टरनेटरवर १५ च्या वर. बॅटरीवरचा आकडा उत्तम असूनही अल्टरनेटर गरम होत असेल, तर ही शक्यता ड्रॉप मोजूनच कळते.

पॉझिटिव्ह बाजूला ड्रॉप जास्त निघाला तर फ्यूजिबल लिंक (फ्यूजसारखा वितळणारा वायरचा तुकडा) किंवा मोठ्या फ्यूजचे बोल्ट आधी पाहावेत. लिंकचे वेष्टण फुगलेले किंवा बोटाला मऊ लागत असेल, तर ती आतून जळू लागली आहे. सेल्फ फिरत असतानाही हीच चाचणी करावी: निगेटिव्ह खांब ते इंजिन ब्लॉक यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर जड सेल्फचा दोष बॅटरीचा नसून केबलचा आहे.

अल्टरनेटर आणि त्याला फिरवणारे भाग

वाट स्वच्छ असूनही स्टडवरच व्होल्टेज कमी असेल, तर अल्टरनेटर उघडण्याआधी पट्टा पाहावा. सुरू करताना किंवा लोड लावताना चीं असा आवाज, काचेसारखी चमकणारी कड, टेन्शनरची थरथर या पट्टा घसरण्याच्या खुणा आहेत. अनेक डिझेल गाड्यांत अल्टरनेटरची पुली एकाच दिशेने पकडणारी असते. पट्टा उतरवून रोटर (अल्टरनेटरचा आत फिरणारा भाग) धरल्यावर ती एका दिशेने मोकळी फिरावी आणि दुसऱ्या दिशेने पकडावी. दोन्हीकडे मोकळी फिरत असेल तर पट्टा धावतो, पुली धावते, पण रोटर त्या वेगाने फिरत नाही.

डायोड तपासण्यासाठी मीटर एसी व्होल्टवर ठेवून, इंजिन १५०० ते २००० आरपीएमवर व हेडलाइट चालू असताना, बॅटरीवर वाचन घ्यावे. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक, ०.५ च्या आसपास किंवा वर गेले तर डायोड गेल्याचे समजावे. काही स्वस्त मीटर डीसी व्होल्टेजलाच एसी समजून भलता आकडा दाखवतात, म्हणून आधी इंजिन बंद ठेवून त्याच रेंजवर बॅटरी मोजावी. तेथे शून्य आले नाही, तर त्या मीटरवर ही चाचणी करू नये. एक डायोड तुटलेला अल्टरनेटर कमी लोडवर १३.८ व्होल्ट सहज दाखवतो आणि लोड आला की मान टाकतो. त्यामुळेच तो वरवरच्या तपासणीतून निसटतो.

काही डिझेल अल्टरनेटरच्या मागेच ब्रेकचा व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो आणि त्याला इंजिनाचे तेल जाते. त्याचे सील गळू लागले की तेल ब्रश आणि स्लिप रिंगवर (फिरत्या रोटरला करंट पोहोचवणाऱ्या कांड्या आणि कड्यांवर) पसरते, काळा चिकट लेप बसतो आणि चार्जिंग कधी येते, कधी जाते. अशा गाडीत अल्टरनेटर दुरुस्त करून सील तसेच सोडले, तर तीच दुरुस्ती पुन्हा करावी लागणार.

चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, चार्जिंगचा दिवा लागला पाहिजे. जुन्या रचनेत याच दिव्यातून अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो. दिवा लागत नसेल आणि एकदा जोरात रेस दिल्यावरच चार्जिंग सुरू होत असेल, तर बल्ब, त्याची वायर, फ्यूज आणि ब्रश याच क्रमाने पाहावे.

रात्रीत उतरणारी बॅटरी

चालू गाडीत सगळे आकडे बरोबर येतात आणि सकाळी बॅटरी उतरलेली असते, अशा वेळी उभ्या गाडीतला करंट मोजावा. निगेटिव्ह केबल आणि खांब यांच्यामध्ये अमीटर जोडून, दारे-दिवे बंद करून अर्धा ते एक तास थांबावे, कारण ईसीयू आणि इतर मॉड्यूल झोपायला वेळ घेतात. मीटर जोडलेला असताना चावी फिरवू नये, नाहीतर त्याचा फ्यूज जाईल. दोन बॅटऱ्यांपैकी एक पूर्ण सुटी करून ठेवावी, म्हणजे सगळा करंट मीटरमधूनच जाईल. ५० मिलिअँपियरपर्यंतचा करंट सर्वसाधारणपणे मान्य धरतात. तो २४ तासांत १.२ अँपियर-अवर होतो. अर्धा अँपियर असेल तर तोच हिशेब दिवसाला १२ अँपियर-अवरवर जातो आणि ७० अँपियर-अवरची बॅटरी तीन दिवसांत निम्म्याखाली येते.

जबाबदार सर्किट शोधताना फ्यूज काढत बसू नये, कारण फ्यूज परत लावताच झोपलेली मॉड्यूल जागी होतात. प्रत्येक फ्यूजच्या माथ्यावरील दोन उघड्या बिंदूंवर मिलिव्होल्ट मोजावेत. ज्यावर काही आकडा दिसतो त्या सर्किटमधून करंट वाहतो आहे. कोणत्याच फ्यूजवर काही दिसले नाही, तर अल्टरनेटरला हात लावून पाहावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत तो कोमट लागला, तर त्याचा डायोड उलट दिशेने गळतो आहे.

व्होल्टेज जास्त येत असेल तर

गरम हवेत व्होल्टेज सतत १५ च्या वर जात असेल, बॅटरीला कुजक्या अंड्यांसारखा वास येत असेल, पाणी वारंवार कमी होत असेल आणि बल्ब लवकर जात असतील, तर गाडी तशी चालवत राहू नये. रेग्युलेटर बाद होणे हे एक कारण आहे, पण त्याआधी सेन्स वायर तुटली आहे का आणि रेग्युलेटरचे अर्थिंग पक्के आहे का ते पाहावे; दोन्ही दोषांत रेग्युलेटरला बॅटरी उपाशी असल्याचा भास होतो. बॅटरीचे तापमान मोजणारा सेन्सर चुकून कडाक्याची थंडी दाखवत असेल तरीही व्होल्टेज वाढते, कारण थंड बॅटरीला जास्त व्होल्टेज लागते. याच कारणाने खऱ्या थंडीतले १४.८ हे दोषाचे लक्षण मानू नये.

फक्त रस्त्यावर येणारा दोष

सर्वांत चिकाटी मागणारा प्रकार म्हणजे उभ्या गाडीत न दिसणारा दोष. रेग्युलेटर किंवा सैल सोल्डर तापल्यावर सुटतो आणि गार झाल्यावर पुन्हा जुळतो. अशा वेळी मीटरला लांब वायरी जोडून, त्यात बॅटरीच्या बाजूला छोटा फ्यूज घालून, मीटर केबिनमध्ये सोबत्याच्या हातात द्यावा आणि गाडी लोड घेऊन चढावर चालवावी. एक मीटर बॅटरीवर आणि शक्य असल्यास दुसरा अल्टरनेटरच्या स्टड व बॉडीमध्ये लावावा. दोन्ही आकडे एकदम खाली गेले तर दोष अल्टरनेटरमध्ये, त्याच्या पट्ट्यात किंवा त्याला मिळणाऱ्या हुकमात आहे. बॅटरीचा आकडा एकटाच पडला आणि स्टडवरचा टिकला, तर दोष वाटेत आहे. तेव्हा गाडी गरम असतानाच थांबवून ड्रॉपची चाचणी करावी आणि ती चालू असताना केबलचे एकेक टोक हातातील लाकडी दांडीने, पंख्यापासून व पट्ट्यापासून दूर राहून, हलवून पाहावे. ज्या टोकाला आकडा उडतो, ते टोक उघडून साफ करावे किंवा ती केबल बदलावी.